हिरोशिगेचा पाऊस: हे चित्र बघायचं कसं?

ओजिमाकर (धागाकर्ती)

मंडळी, दोन महिन्यांपूर्वी एक चित्र विकत घेतलं. तेव्हापासून माझ्या तोंडी दुसरा विषय नाही, नवरा वैतागलाय, म्हणून इथे आले.

चित्र तुम्ही बहुतेकांनी पाहिलेलं असणार. कॅलेंडरवर, चहाच्या कपावर, कुणाच्या तरी मोबाइलच्या कव्हरवर. लाकडी पूल, वरून कोसळणारी सर, डोक्यावर मिळेल ते धरून पळणारी पाच-सहा माणसं, खाली नदीत एकटाच तराफेवाला. उतागावा हिरोशिगे, साल १८५७. जपानी नाव 'ओहाशी आताके नो यूदाची', म्हणजे ओहाशी पूल, आताके, आणि तिथली पावसाची सर. 'एदोची शंभर प्रसिद्ध ठिकाणं' या मालिकेतलं. एदो म्हणजे जुनं टोकियो. (नावाला शंभर, चित्रं निघाली ११९, त्यातलं एक शिष्याच्या हातचं. खप असला की प्रकाशक कुठलाही असो, थांबत नाही.)

मी टोकियोत ओजिमाला राहते. शिंजुकू लाइनने चार स्टेशनं गेलं की मोरिशिता, तिथून पाच-सात मिनिटं चाललं की सुमिदा नदी आणि शिन-ओहाशी पूल. हाच तो पूल, म्हणजे नाव तेच. आत्ताचा १९७७ सालचा आहे, पिवळ्या खांबांवर तारांनी तोललेला. त्याच्या आधी १९१२ चा लोखंडी होता. १९२३ च्या भूकंपात नदीवरचे इतर पूल जळाले-पडले, तो टिकला आणि त्याच्यावर आलेली माणसं वाचली. चित्रात आहे तो लाकडी. पलीकडच्या काठाला आताके म्हणायचे, कारण शोगुनचं, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याचं, आताकेमारू नावाचं अवाढव्य जहाज कधीकाळी तिथे नांगरलेलं असे. हिरोशिगेच्या वेळेपर्यंत जहाज मोडीत निघून पावणेदोनशे वर्षं झाली होती, नाव राहिलं होतं. आपल्याकडे गिरणी जाऊन मॉल आला तरी रिक्षावाल्याला गिरणीचंच नाव सांगावं लागतं, तसं.

आता मुद्द्याचं. कॅलेंडरवर हे चित्र बघून मी 'छान' म्हणून पान उलटलं होतं. जिम्बोचोला जुन्या पुस्तकांच्या गल्लीत एका दुकानात शिरले, तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी हा कागद मेजावर आडवा ठेवला, दिवा कागदाच्या पातळीपर्यंत खाली ओढला आणि म्हणाल्या, आता बघा. आणि मला पाऊस कागदात रुतलेला दिसला. दिसला म्हणजे, बोट लावलं असतं तर लागला असता. (लावू दिलं नाही.)

घरी येऊन वाचत बसले तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं हे 'काढलेलं' चित्र समजत होते. हिरोशिगेने पातळ कागदावर रेखाटन केलं, इथवर त्याचा हात. तो कागद कोरणाऱ्याने चेरीच्या फळीवर उलटा चिकटवला आणि रेषा सोडून बाकीचं लाकूड उडवलं. त्यात रेखाटनाचा कागदही गेला. म्हणजे 'मूळ चित्र कुठल्या संग्रहालयात आहे?' या प्रश्नाला उत्तरच नाही. मूळ चित्र कोरणाऱ्याच्या पात्याखाली संपलं. मग प्रत्येक रंगाला वेगळी फळी, आणि शेवटी छापणारा, तो हाताने एकेक कागद घासून काढणार.

आणि आता त्या पावसाच्या रेघा बघा. छापायची रेघ म्हणजे लाकडात उभी ठेवायची रेघ. केसासारखी एक कड ठेवायची, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं, मग शेजारची कड. असा अख्खा कागदभर पाऊस. आणि एवढं करून कोरणाऱ्याचं नाव अशा चित्रांवर क्वचित, छापणाऱ्याचं तर त्याहून क्वचित. हिरोशिगेची सही मात्र ठसठशीत. प्रकाशक उओया एइकिची, त्याचंही नाव आहे. मला याचा रागच आला, खरं सांगते.

वरचा काळा ढग हा निव्वळ छापणाऱ्याचा. तिथे फळीवर काहीही कोरलेलं नाही. ओल्या फळीवर त्याने शाई अशी फिरवली की खालची कड वेडीवाकडी विरत गेली. आकाशाच्या सरळ पट्ट्याला वेगळं नाव आहे, या वेड्यावाकड्याला 'आतेनाशी बोकाशी' म्हणतात. दर कागदाला हे नव्याने करायचं. त्यामुळे कुठल्याही दोन प्रतींत ढग एकसारखा नाही.

आता माझा प्रश्न. नऊ हजार येनांत १८५७ चा कागद मिळत नाही एवढी अक्कल मला आहे. पण मग माझ्या हातात काय आहे? नंतरची छपाई, नव्याने कोरलेली की नुसतं छापखान्यातलं पोस्टर? ओळखायचं कसं? आणि जाणकारांनी हेही सांगा की तुम्ही अशा चित्रात आधी काय बघता.

चहाटळ

वाचनखूण साठवली. व्हॅन गॉगने पण हेच केलं होतं ना? मला त्याचंच जास्त आवडतं. मारू नका.

ओजिमाकर

@चहाटळ, मारत नाही. १८८७, पॅरिसमध्ये असताना त्याने तैलरंगात याची नक्कल केली, ती अॅमस्टरडॅमच्या त्याच्या संग्रहालयात आहे. चारी बाजूंना चौकट रंगवून त्यात दुसऱ्या चित्रांवरची जपानी अक्षरं उतरवून ठेवली आहेत. जबरदस्त चित्र आहे, पण पावसात तो हरलाय असं माझं मत. त्याचा पाऊस चित्रावर मारलेला वाटतो, तैलरंगाच्या ब्रशने केसाएवढी रेघ येणार कुठून? पाणी मात्र त्याचं जास्त खवळलेलं आहे, ते मान्य.

शाईबोट्या

बऱ्याच दिवसांनी इथे कामाचा धागा. जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये असताना लाकडाच्या ठशांवर दोन वर्षं काढली आहेत, त्या जोरावर लिहितो. जपानला कधी गेलेलो नाही, चुकलं तर ओजिमाकर दुरुस्त करतील.

आधी पाऊस. तुमच्या प्रतीत नीट बघा, सगळ्या रेघा एका कोनात नाहीत. पावसाचे दोन ठसे आहेत, एक फिका करडा, एक गडद, आणि दोघांचा कल किंचित वेगळा. दोन्ही एकाच कोनात असते तर ती जाळी झाली असती, खिडकीच्या गजासारखी. कोन जरासा फिरवल्यामुळे काही रेघा एकमेकींना छेदतात, काही जवळ येऊन सुटतात, आणि डोळ्याला वारा आहे असं वाटतं. वारा कुणी रंगवलेला नाही.

आम्ही पहिल्या वर्षी पाऊस कोरायला घेतला होता, मी आणि एक वर्गमित्र. बाभळीच्या फळीचा एक तुकडा आणि बाजारातली पटाशी. अर्ध्या तासात आमच्याकडे पाऊस नव्हता, भुसा होता. एवढी बारीक कड उभी ठेवायची तर लाकडाचा पोत घट्ट हवा, म्हणून ते डोंगरी चेरी वापरतात. रेघ लाकडाच्या धाग्याला आडवी गेली की कपची उडायची भीती. उडाली की उडाली, पाऊस जोडता येत नाही.

दुसरं, कागद. कोझो म्हणजे तुतीच्या कुळातलं झाड, त्याच्या सालीचा. आधी त्याला सरस आणि तुरटीचं पाणी देतात, नाहीतर रंग फुटतो. छापताना कागद दमट हवा. फळीवर रंग आणि त्यात भाताची खळ, ब्रशने सारखी करायची. कागद ठेवायला फळीतच दोन खाचा कोरलेल्या असतात, एक कोपऱ्याला काटकोनात, एक बाजूला सरळ. प्रत्येक रंगाच्या फळीवर त्या तंतोतंत त्याच जागी. मग वरून 'बारेन'ने घासायचं. ही एक चपटी गोल गादी असते, आत बांबूच्या सालपटाची वळलेली दोरी वेटोळं करून बसवलेली, बाहेरून पुन्हा बांबूचंच आवरण. यंत्राचा दाब नाही, खांद्याचा दाब. म्हणून रंग कागदावर बसत नाही, कागदात जातो. कप आणि कॅलेंडरवर नेमकं हेच मरतं.

तुमची प्रत ओळखायला:

भिंग घ्या. निळ्यात किंवा करड्यात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की विषय संपला, यंत्रावरचं पोस्टर.
ठिपके नसतील तर कागद उलटा करा. हाताने छापलेल्याला मागून रंग झिरपलेला असतो आणि तिरप्या उजेडात बारेनचे गोल ओरखडे दिसतात. मी तर पाठच आधी बघतो. पुढून सगळे सुंदर असतात.
मग पावसाच्या रेघा. जुन्या फळ्या झिजतात, कडा तुटतात, मग सरीत मध्येच खंड दिसतात. रेघा सगळ्याच्या सगळ्या धडधाकट असतील आणि कागद फार म्हातारा वाटत नसेल, तर नव्याने कोरलेल्या फळ्यांवरचं काम असू शकतं. टोकियोत अदाची नावाची संस्था आजही जुन्या पद्धतीने कोरून-छापून करते. अशा प्रतींच्या समासात कधी बारीकशी मोहोर असते.
आणि ढग. घाईच्या छपाईत तोच पहिला सोपा करतात.

गुहागरचा म्हातारा

लेख आवडला. एक शंका आणि एक दुरुस्ती.

शंका: तराफेवाल्याच्या अंगावर जे आहे ते मला आमचं इरलंच वाटतं. माझे वडील लावणीला जाताना घ्यायचे, तसं.

दुरुस्ती: मी हे चित्र कुठेतरी 'वळीव' या नावाने छापलेलं पाहिलंय. तुम्ही 'सर' म्हटलंत. वळीव बरोबर नाही का? दुपारी तापतं, ढग चढतात, धाडकन येतो आणि जातो.

ओजिमाकर

काका, तराफेवाल्याचं ते 'मिनो', गवताचं विणलेलं. आपलं इरलं पानांचं, पण काम तेच आणि पाठीवर बसतंही तसंच. पुलावरची माणसं मात्र शहरी आहेत, त्यांच्याकडे छत्र्या. एका छत्रीत दोघं-तिघं घुसलेत. त्यांचे चेहरे जवळपास दिसतच नाहीत, नुसते पाय आणि घाई.

वळीव मलाही आधी सुचला होता. पण वळीव मृगाच्या आधीचा, पावसाळ्याची वर्दी देणारा. यूदाची येतो तो इथला पावसाळा, 'त्सुयू', संपल्यावर, जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात. आधीचा नि नंतरचा. वळीव म्हटलं की आपल्याला मातीचा वास आणि सुटका आठवते, इथे तसं काही नाही, नुसती धांदल. म्हणून 'सर'. श्रावणातली म्हणावी तर त्यात ऊन येतं. हिरोशिगेच्या चित्रात उन्हाचा कवडसाही नाही.

गुहागरचा म्हातारा

पटलं. पण मग 'सर' फारच मऊ शब्द झाला हो. त्या पुलावरच्यांना विचारा. 'झोड' म्हणा.

ओजिमाकर

झोड! घेतला.

फुकटसल्लागार

नऊ हजार येन म्हणजे पाच हजार रुपये तरी. कपावर येणाऱ्या चित्रासाठी? रागावू नका, पण हे त्या काळचं पोस्टरच ना? हजारोंनी छापलेलं. त्याला आता कला म्हणायचं आणि काचेत ठेवायचं, हे युरोपियनांनी शिकवलेलं कौतुक आहे.

शाईबोट्या

@फुकटसल्लागार, अर्धं बरोबर आहे. ही चित्रं एदोच्या सामान्य माणसासाठीच होती, वाडगाभर सोबाच्या, म्हणजे तिथल्या शेवयांच्या, दामात एक, असं सांगतात. पण स्वस्त होतं म्हणून हलकं होतं हे कुठून आलं? आपल्याकडे रविवर्म्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. त्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरात गेल्या. तेही स्वस्तच होतं. फरक तंत्राचा: ते दगडावरचं काम, रंगाच्या थरावर थर, तैलचित्रासारखं दिसावं म्हणून धडपड. जपानी ठशाला तैलचित्र व्हायचंच नाही. आकाश सपाट तर सपाट. मला विचाराल तर आपण तिथे कमी पडलो, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय, इथे न संपणाऱ्या वादाचं काश्मीर नको.

बोरीवली स्लो

तंत्रातलं कळत नाही, पण एक अनुभव. मामेबहिणीने क्योतोहून असंच एक बर्फाचं दृश्य आणून दिलं होतं. मी ते हौसेने फ्रेम करायला टाकलं. फ्रेमवाल्याने 'मॅडम, बसत नव्हतं' म्हणून चारी बाजूंचा समास कापला, त्यातल्या मोहरांसकट, आणि वर पुठ्ठ्याला डिंकाने कायमचं चिकटवलं. पाठ बघायची सोयच उरली नाही. मग मी ते हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलं. तीन वर्षांत गुलाबी गेला, दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके आले. तेव्हा ओजिमाकर, कृपा करून भिंतीवर लावू नका.

शाईबोट्या

अरेरे. समास कापणं म्हणजे सातबारा फाडणं. तिथेच प्रकाशक असतो, कधी साल असतं.

रंगांचं म्हणाल तर जुन्यांत वनस्पतींचे निळे आणि तांबडे फार लवकर उडतात. ओजिमाकरांच्या नदीचा निळा मात्र टिकाऊ, तो प्रशियन निळा. जपानीत 'बेरो', बर्लिनवरून पडलेलं नाव. बाहेरून यायचा, १८३० च्या सुमाराला स्वस्त झाला आणि निसर्गचित्रांची लाटच आली. होकुसाईचा फुजी, मग हिरोशिगेचा तोकाइदो रस्ता. हा निळा स्वस्त झाला नसता तर एवढ्या नद्या आणि एवढी आकाशं छापली गेली असती का, मला शंका आहे.

लेणीवेडा

वेरूळच्या पायथ्याशी वाढलेला असल्याने एक अवांतर. योशिदा हिरोशी नावाचा ठशांचा चित्रकार (१८७६ ते १९५०) १९३० च्या शेवटी मुलाला घेऊन भारतात आला होता. परत गेल्यावर १९३१-३२ मध्ये त्याने भारताचे ठसे काढले: ताजमहाल, बनारस, उदयपूर, आणि आपलं अजिंठा-वेरूळही. हिरोशिगेच्या काळात चित्रकार, कोरणारा, छापणारा वेगळे. योशिदा तिघांच्याही मानगुटीवर बसायचा, काही फळ्या तर स्वतःच कोरायचा. त्याच्या देखरेखीखालच्या प्रतींवर समासात 'जिझुरी' म्हणजे स्वतः छापलेलं, अशी मोहोर असते. १९२६ च्या शिडाच्या होड्यांची मालिका शोधून बघा: त्याच फळ्या, रंग बदलून सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र.

कैलास लेण्यासमोर जो दिवसभर बसलाय त्याला हे लगेच कळेल. दगड तोच, सकाळी राखी, चारला तांबूस. आणि ते 'बाकीचं लाकूड उडवलं' वाचून हसू आलं. आमच्याकडे डोंगराचं तेच केलंय, वरून खाली.

चहाटळ

मी व्हॅन गॉग मागे घेत नाही, पण दोन्ही शेजारी उघडून बघितली. हिरोशिगेत पूल तिरका आहे आणि पलीकडचा काठ वेगळ्याच कोनात तिरका. सरळ असं काहीच नाही. म्हणून पोटात कसंतरी होतं का?

ओजिमाकर

@चहाटळ, हो ना! आणि सरळ असायला हवं ते क्षितिज करड्यात पुसून टाकलंय. झाडं आणि बोटींच्या शेड नुसत्या सावल्या. मला त्यात आणखी एक दिसतं, पण ते माझं. १८५५ ला एदोत मोठा भूकंप झाला, बरंच शहर पडलं-जळलं. पुढच्या वर्षी ही मालिका सुरू झाली. हिरोशिगे किल्ल्याच्या अग्निशमन पथकातल्या घरचा, बापाची नोकरी त्यानेही केलेली. शहर जळताना कसं दिसतं ते त्याला माहीत. म्हणून की काय, मालिकेत पडझड जवळपास नाहीच, नेहमीचे पूल, नेहमीचा पाऊस. १८५८ ला तो गेला, पटकीची साथ होती त्या वर्षी.

फुकटसल्लागार

पण प्रत कुठली ते कळलं का? आम्ही पाच हजारांसाठी थांबलोय.

ओजिमाकर

काल रात्री बसले. शेजारच्या आजोबांकडून तिकिटं बघायचं भिंग आणलं. ठिपके नाहीत. उलटा केला, मोबाइलचा टॉर्च कागदाला आडवा धरला: पाठीवर गोल गोल ओरखडे, नदीचा निळा मागे उमटलेला, पुलाच्या खांबांच्या जागी पिवळट सावल्या. हे बघून मी एकटीच 'आई गं' म्हणाले.

पावसाच्या रेघा सगळ्या शाबूत. एकही तुटलेली नाही. समासात डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढी मोहोर आहे, ती मी आजवर डाग समजत होते. म्हणजे शाईबोट्या म्हणाले तसं, नव्याने कोरलेली प्रत, माझ्या अंदाजाने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. गुंतवणूक वगैरे अजिबात नाही, फुकटसल्लागार जिंकले.

पण एक सापडलं. पुलाच्या कठड्याजवळ करडा रंग रेषेच्या बाहेर केसभर सरकलाय. फक्त तिथेच. कागद खाचेत बसवताना त्या माणसाचा हात तेवढा हलला असावा. मी त्या जागेकडे किती वेळ बघत होते कुणास ठाऊक.

शाईबोट्या

फोटो टाका त्या जागेचा. आणि ठेवलंय कुठे?

ओजिमाकर

फोटोत येत नाही, तीनदा प्रयत्न केला. भिंतीवर नाही, बोरीवली स्लो यांना घाबरून खणात ठेवलंय, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये. बघायचं असलं की काढते. आज संध्याकाळी आले तर खण उघडा आणि नवरा दिवा खाली ओढून बसलेला. हात धुऊन, पुसून.